चेलोसाठी प्रीअँप (मिक्सरआधी सिग्नल वाढवणारं यंत्र) सुचवा (बजेट १२ हजार)

खर्जातला: पुण्यातल्या अल्टरनेटिव्ह रॉक बँडबरोबर तीन गाणी वाजवायची आहेत. दोन गिटार, बेस, ड्रम्स. घोडीवर चिकटवायचा पिएझो पिकअप (कंपनं टिपणारी चकती) आहे. थेट मिक्सरला लावला की पत्र्याचा डबा, मॉनिटर वाढवला की हूऽऽ. १२ हजारांच्या वर नको.

मेगओहम: पिएझोला किमान १ मेगओहम, शक्यतो १० मेगओहम रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० किलोओहम, त्यात खर्ज गळून जातो आणि गजाची खरखर उरते. एलआर बॅग्जचा पॅरा डीआय (मिक्सरला सरळ जोडता येणारा प्रीअँप) घे. १० मेगओहम, नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) आहे, ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्ट फँटमवर चालतो. घुमलं की आधी फेज (लहरीची दिशा) उलटव, मग नॉच फिरव, हू जिथे थांबेल तिथे सोड. मिक्सरवर हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) ६० हर्ट्झच्या आत. सी तार ६५ ची आहे, तिच्याखाली नुसता स्टेजचा धमधमाट.

ठोकळा: एनएस डिझाइनचा इलेक्ट्रिक चेलो घ्या. भरीव लाकूड, घुमायला पोकळ पेटीच नाही. माझ्याकडे दोन आहेत.

खर्जातला: बजेट १२ हजार, दादा.

गजानन_गजवाले: अवांतर: बँड ई फ्लॅटला (सगळ्या तारा अर्धा सूर खाली) उतरवून वाजवतो का? त्यांचा ई मायनर म्हणजे तुझा ई फ्लॅट मायनर. सहा फ्लॅट, एकही मोकळी तार कामाची नाही. चेलोही अर्धा सूर उतरव, पण आदल्या दिवशी. एकेक तार घे. चारही एकदम सैल केल्यास साउंडपोस्ट (पेटीतली उभी काठी) आडवा होऊ शकतो.

कोमल_ग: नाही पटलं. ताण गेला की सी तार लोळते. बोटं बसव, तारा राहू देत.

गजानन_गजवाले: निर्वाणा बँडच्या १९९३ च्या अनप्लग्ड कार्यक्रमाला गिटारी अर्धा सूर खालीच होत्या, शेजारी लोरी गोल्डस्टनचा चेलो.

कोमल_ग: चेलो कुठल्या सुराला लावला होता ते सांगा ना. शिवाय ते अनप्लग्ड. ह्याचा ड्रमर काठ्यांऐवजी मऊ ब्रश वापरणारे का?

झांजरहित: डीपीए ४०९९ क्लिप माइक. बाकी सगळं प्लास्टिक वाजतं.

मेगओहम: स्टुडिओत सोनं आहे, मान्य. तिथे माइक आणि पिकअप वेगळ्या ट्रॅकवर घ्यायला सांगायचं, मिक्सवाला नंतर ठरवेल. स्टेजवर मात्र ड्रमच्या शेजारी बसलास तर त्यात झांजा जास्त आणि चेलो कमी. आणि बजेट?

नवा_भिडू: पॅरा डीआय +१. १० मेगओहम आहे.

कोमल_ग: वरती तेच लिहिलंय, काका.

खर्जातला: सगळ्यांचे आभार. ९ हजारांत फझ पेडल (आवाज मुद्दाम फाडणारं) मिळालं, घेतलं. चेलो, फझ, मिक्सर. शनिवारी गिग.

मेगओहम: अरे! फझचा इनपुटही बहुतेक वेळा पिएझोसाठी कमी ओहमचाच असतो. तोच डबा, आता गंजलेला. मध्ये बफर (जास्त रोधाचा इनपुट देणारं छोटं सर्किट) लाव: एक जेएफईटी ट्रान्झिस्टर, त्याच्या गेट नावाच्या पायावर १० मेगओहमचा रेझिस्टर, दोन-तीन फुटकळ पार्ट, ९ व्होल्टची बॅटरी. पिएझोपासून बफरपर्यंतची वायर शक्य तितकी आखूड ठेव. गिटारवाल्याला सोल्डरिंग येतं का विचार.

ठोकळा: माझ्या दोन्हीतला एक विकायचा आहे.