'कनारियोस' म्हणजे कॅनरी पक्षी का?

मुलगी क्लासिकल गिटार शिकते, तिच्या कार्यक्रमासाठी मी मराठीत थोडी माहिती लिहितेय. गास्पार सान्झ या जुन्या स्पॅनिश गिटारवादकाचे नाच आहेत, १६७४ ला स्पेनमधल्या सारागोसात निघालेल्या त्याच्या गिटारच्या पुस्तकातले. 'कनारियोस'ला मी 'कॅनरी पक्ष्यांचा नाच' लिहिलंय आणि 'साराबांदा'ला 'संथ, गंभीर नृत्य', बरोबर आहे का? शिवाय रास्गेआदो आणि पुंतेआदो या वाजवण्याच्या पद्धतींना मराठी शब्द सुचवा प्लीज.

—

ताई, पक्षी काढा. हा नाच कॅनरी बेटांवरचा म्हणून कनारियोस, पक्ष्यालाही नाव त्या बेटांवरूनच मिळालं, आणि बेटांचं नाव प्राचीन रोमन लेखक प्लिनी सांगतो ते तिथल्या मोठमोठ्या कुत्र्यांवरून, लॅटिनमध्ये कानिस म्हणजे कुत्रा. खरी गंमत लयीत आहे, सहा मात्रा कधी ३-३ अशा पडतात आणि लगेच २-२-२, दादऱ्याची टाळी धरून ऐकलंत तर मधेच टाळी सुटते बघा. माहितीत हेच लिहा, ऐकणाऱ्याला उपयोग होईल.

साराबांदा मात्र नक्की बदला. संथ झाली ती नंतर, फ्रान्सकडे गेल्यावर. स्पेनमध्ये ती इतकी चंचल आणि चावट समजली जायची की १५८३ ला तिच्यावर बंदी आली होती. शब्द एकच, पण गाव बदललं की चाल बदलते, म्हणून कोशातला अर्थ इथे उचलून चालणार नाही.

—

नाचांची नावं भाषांतरित करूच नयेत असं माझं ठाम मत. 'फोलिया'चा अर्थ वेड, १६११ च्या कोशात कोवारुबियास म्हणतो की नाचणाऱ्यांना भान राहिलेलं नाही असं वाटायचं, पण म्हणून कार्यक्रमपत्रिकेत 'वेड' छापणार का? 'पासाकाये' म्हणजे शब्दशः रस्त्याने जाणं, तेही कंसात अर्थ देऊन तसंच ठेवा.

वाजवण्याच्या शब्दांचं वेगळं आहे, तिथे मराठी हवंच. रास्गेआदोच्या मुळाशी फाडणे, ओरखडणे हा अर्थ आहे, सगळ्या तारांवरून हात फिरवून नाचाचा ठेका धरायचा. पुंतेआदो म्हणजे एकेक तार बोटाने वाजवणं.

—

मग रास्गेआदोला 'झणकार' चालेल का?

—

झणकार हा आवाज झाला, क्रिया नाही. मी 'तारा झोडणे' म्हणेन.

—

झोडणे नको हो! सान्झच्या काळच्या गिटारला आतड्याच्या तारा, त्याही पाच जोड्या, आवाज एकदम नाजूक. सान्झ स्वतःच लिहितो की दणदणीत वाजवायचं तर खर्जाच्या जाड तारा लावा, आणि गोडीने पुंतेआदो करायचं तर बारीकच ठेवा. आणि 'कांपानेला' सुटला, त्याचा अर्थ छोटी घंटा. लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर घेतले की आधीचा विरायच्या आत पुढचा त्यात मिसळतो, देवळातल्या घंटा एकामागून एक वाजाव्यात तसं. याला 'घंटानाद' छान बसेल.

—

सगळ्यांचे खूप आभार. 'कनारियोस : कॅनरी बेटांवरचा नाच' असं केलं, साराबांदामधलं 'संथ' काढलं. रास्गेआदोला 'सर्व तारा एकदम छेडणे' आणि पुंतेआदोला 'एकेक तार छेडणे' लिहितेय, घंटानाद तर घेतलाच. आता फक्त शेवटच्या रचनेचं नाव, जाकारा लिहू की हाकारा?

—

खाकारा. स्पॅनिशमधला तो उच्चार आपल्या 'ख'च्या जवळचा, पण घशातून घासून येणारा. गुंड-मवाल्यांच्या गाण्यांवरून आलेला नाच आहे तो.