व्यवसाय : शेती व समाजसेवा

ए-५०३: मंडळी, आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या साइटवर आली आहेत. पीडीएफ टाकतोय, सवडीने बघा. एका साहेबांच्या नावावर एकही गाडी नाही. वाहन : निरंक.

बी-१०४: मग परवा गेटसमोर रस्ता अडवून उभा होता तो ताफा कुणाचा?

ए-५०३: मित्रपरिवाराचा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर राजकारण नको. नियम पिन केलेले आहेत.

सी-६०२: सेक्रेटरी साहेब, प्रतिज्ञापत्र हा जाहीर सरकारी कागद आहे, प्रचार नाही. नावं न घेता बोललो तर चालेल ना?

सेक्रेटरी: चालेल ताई. इथल्या उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव आलं की मेसेज डिलीट.

सी-६०२: मान्य. तर त्या ‘निरंक’बद्दल. पूर्वी अडचणीचा रकाना सरळ कोरा सोडायचे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कोरं काही सोडायचं नाही, नसेल तर तसं लिहा. मुळात हे प्रतिज्ञापत्रच कोर्टाने लावलेलं आहे. मे २००२ मध्ये निकाल आला आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका सुरात विरोधात उभे राहिले. कायदा बदलून निकाल पातळ केला. मार्च २००३ मध्ये कोर्टाने तो बदलही उडवला. मालमत्ता लपवण्याच्या बाबतीत इतकी एकजूट नंतर क्वचितच दिसली.

सी-२०१: व्यवसायाच्या रकान्यात बघा. शेती व समाजसेवा. समाजसेवेत एवढी बरकत असते हे आधी कळलं असतं तर आमच्या ह्यांनी तीस वर्षं लोकल पकडली नसती.

ए-५०३: शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही काकू, म्हणून सगळे बळीराजा.

बी-१०४: लोकसभेत किती कोट्यधीश असतील?

ए-५०३: एडीआर नावाची संस्था उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासते, तिने मोजलंय. २००९ मध्ये निवडून आलेल्यांपैकी ५८ टक्के, २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३. म्हणजे ५४३ पैकी ५०४. सगळे एकाच माळेचे मणी.

ए-३०१: थोडं थांबा. प्रतिज्ञापत्रात राहतं घरही धरतात. त्या हिशोबाने कर्ज फेडलेला शहरातला कुठलाही फ्लॅटवाला कोट्यधीशच. नुसता कोटीचा आकडा बघून भडकण्यात अर्थ नाही.

सी-६०२: काकांचं बरोबर आहे. श्रीमंत असणं हा गुन्हा नाही. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सर्वांत श्रीमंत खासदारांनी, गुंटूरच्या, ५,७०० कोटींवर मालमत्ता दाखवली. पण ते राजकारणात येण्याआधीचे उद्योजक. पैसा आधी, खासदारकी नंतर. माझं लक्ष उलट्या क्रमाकडे असतं. एकाच माणसाची ओळीने दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवा. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना आम्ही हेच करायचो, दोन ताळेबंद आणि मधला फरक. पगार आणि भत्ते माहीत आहेत, पाच वर्षांत जमीन किती वाढली तेही समोर आहे. मधला पूल कुठे आहे ते विचारायचं. २०१८ मध्ये कोर्टाने स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगायला लावला. लोक काय लिहितात? ‘व्यवसाय’. झालं.

बी-१०४: ताई, एवढं वाचून पुढे काय करायचं? समोर जे आहेत त्यांतलाच एक निवडायचा ना.

ए-५०३: नोटा दाबायचा. मी गेल्या खेपेला तेच केलं.

ए-३०१: नोटाने काय साधलं? इंदूरला २०२४ मध्ये प्रमुख विरोधी उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. आपल्याकडे लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. दोन्हीकडे पहिला उमेदवार आरामात निवडून आला. नोटा समजा पहिला आला, तरी लोकसभा-विधानसभेत दुसराच विजयी.

ए-५०३: पण राज्य निवडणूक आयोगाने नियम केलाय ना, नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक?

सी-६०२: केलाय, २०१८ मध्ये. पण फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. आणि मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. जिथे नोटाला दात दिले तिथे निवडणूकच नव्हती. वॉर्डातला खड्डा कुणाला दाखवायचा हेच लोकांना कळत नव्हतं. उबग येतो म्हणतात तो असल्या गोष्टींनी येतो.

ए-३०१: आणि सुरत विसरू नका. २०२४ मध्ये एकाचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, उरलेला बिनविरोध. मतदानच नाही, तर नोटा दाबणार कुठे! त्याच सुरतेत १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात टिळक व्यासपीठावर उभे राहून बोलू द्या म्हणत होते, जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि पक्ष फुटला. लाजिरवाणा प्रकार, पण निदान भांडायला काहीतरी होतं.

सी-२०१: हल्ली अधिवेशनात खुर्च्या उडत नाहीत, मोजतात. ड्रोनने.

बी-१०४: 😂 काकू, यातली आतली गोष्ट मला माहीत आहे. आमच्या कंपनीने एका पक्षाच्या अधिवेशनाचं काम केलं होतं. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आमच्याकडे असतं. नेत्याची एंट्री, त्याआधी दिवे बंद, मग गाणं, मग पडद्यावर फिल्म, सगळ्याला वेळ दिलेला. राजकीय ठरावाला किती? चार मिनिटं. मांडणार कोण, अनुमोदन कोण देणार, टाळ्या कुठे, सगळं छापलेलं. स्टेजवर पहिल्या रांगेत कोण यावर मात्र आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत वाद. आम्ही खुर्च्यांवर नावं चिकटवायची आणि काढायची. शेवटी चिकटपट्टी संपली, तेव्हा पुढची रांगच सोफ्याची केली आणि दोन खुर्च्या वाढवल्या.

ए-३०१: मी पेपरात असताना अशी अधिवेशनं कव्हर केलीत. बिल्ल्यांचे रंग वेगळे, जेवणाचे तंबू वेगळे. ठरावाची प्रत आम्हाला सकाळीच मिळायची, ठराव दुपारी ‘संमत’ व्हायचा. बातमी लिहून ठेवायची, फक्त ‘एकमताने’ शब्द तेवढा नंतर घालायचा.

बी-१०४: आणि खर्च? उमेदवाराला मर्यादा आहे ना?

सी-६०२: आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, २०२२ पासून. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पक्षाच्या अशा खर्चाची वाट मोकळी केली. शिवाय पैसा कुणी दिला हे २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या आड गेलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला कोर्टाने रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे मार्चमध्ये यादी बाहेर आली. तोवर त्या पैशांवर एक लोकसभा आणि कितीतरी विधानसभा लढवून झाल्या होत्या.

बी-४०२: मी मघापासून नुसता वाचतोय. मी एका पक्षाचं काम करतो हे सगळ्यांना माहीत आहे. बोलू का?

सेक्रेटरी: बोला दादा. नाव न घेता.

बी-४०२: कॉलेजपासून काम करतोय. मतदार याद्या, स्लिपा, बूथ, पावसात झेंडे, सभेनंतर सतरंज्या. आमच्याकडे गमतीने म्हणतात, नेत्याच्या मुलाने सतरंजीवर बसायचं आणि आपण ती उचलायची. गेल्या वेळी मी उमेदवारी मागितली. इच्छुकांच्या रीतसर मुलाखती झाल्या. टेबलामागे चौघे. माझी फाइल होती, केलेल्या कामांचे फोटो, बूथवार मतांचा तक्ता. फाइल कुणी उघडली नाही. एकच खरा प्रश्न विचारला, “किती लावू शकता?” मी म्हटलं, माझ्याकडे माणसं आहेत. ते म्हणाले, माणसं पक्ष देईल.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीनला मुदत संपते. अडीच वाजता एबी फॉर्म आला, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारा कागद. नाव कुणाचं, तर आदल्या रात्रीपर्यंत समोरच्या पक्षात असलेल्याचं. ज्याच्या विरोधात पाच वर्षं मी याच ग्रुपवर लिहिलं, त्याच्या स्लिपा मीच तुमच्या दारात आणून दिल्या. काकूंनी दार उघडलं आणि नुसत्या हसल्या. ते हसू अजून टोचतं.

सी-२०१: अरे, मी तुला नव्हते हसले रे.

बी-४०२: माहीत आहे काकू. पण तुम्ही इथे म्हणता ना, राजकारणावरचा विश्वास उडाला, तो आमचा तुमच्याआधी उडालाय. तुम्हाला पाच वर्षांतून एकदा फसवलं जातं, आम्हाला रोज.

ए-५०३: मग सोडत का नाहीस?

बी-४०२: सोडून जाऊ कुठे? दुसरीकडेही टेबलामागे चौघेच असतील. आणि एखाद्याचा रेशनकार्डाचा प्रश्न सुटतो तेव्हा बरं वाटतं. एवढंच.

सी-६०२: दादांनी दुखणं नेमकं सांगितलं. आपण पैसेवाल्या उमेदवारांना नावं ठेवतो, नोटा दाबतो, आणि हे सगळं शेवटच्या टप्प्यावर. खरी निवड अडीच वाजता झालेली असते. आपल्या हातात प्रतिज्ञापत्र येतं ते त्यानंतर. “किती लावू शकता” हीच चाळणी असेल तर खालून कोट्यधीशच पडणार. ९३ टक्क्यांचा अचंबा कशाला? मतदार श्रीमंतांवर भाळलाय असं म्हणायला पुरावा नाही, त्याच्या ताटात दुसरं काही वाढलेलंच नसतं.

ए-३०१: म्हणूनच अधिवेशनाचं दुःख. १९३९ मध्ये काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी खरं मतदान केलं. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभि सीतारामय्यांना, तरी सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ ने जिंकले. पुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला ते वेगळं. पण एवढ्या मोठ्या माणसाचा उमेदवार हरू शकत होता! आज अधिवेशनात अध्यक्षाचा उमेदवार पडला अशी बातमी द्यायला मला आवडली असती.

बी-१०४: अमेरिकेत काय करतात? तिकडे तर अधिवेशनात फुगे सोडतात.

ए-३०१: तिकडेही आता तो टीव्हीचा सोहळाच आहे, निकाल आधीच ठरलेला. पण ठरलेला असतो तो प्राथमिक मतदानात, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण यावर मतदारच मत देतात त्यात. १९२४ मध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधींनी १०३ फेऱ्या घेऊन उमेदवार निवडला. १९६८ मध्ये शिकागोत पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. ते एकाही प्राथमिक निवडणुकीत उतरले नव्हते. बाहेर रस्त्यावर लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले आणि उमेदवार बहुतांशी मतदारांच्या हातात गेला. २०२० मध्ये अब्जाधीश ब्लूमबर्ग यांनी डेमोक्रॅट उमेदवारीसाठी १ अब्ज डॉलर ओतले आणि जिंकले काय, तर अमेरिकन सामोआ हा एक चिमुकला बेटांचा प्रदेश. पैशाला ‘नाही’ म्हणायची सोय तिकिटाच्या आधी होती.

ए-५०३: म्हणून तिकडे लोक खूश आहेत? प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेचे आकडे बघा. १९५८ मध्ये चारातले तीन लोक सरकारवर विश्वास ठेवायचे, अलीकडे जेमतेम पाचातला एक. प्राथमिक मतदान असूनही!

सी-६०२: मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एक बघा. आपल्या राज्यात सगळे वैतागलेत म्हणतात, तरी विधानसभेचं मतदान २०१९ च्या ६१ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ६६ वर गेलं. वैतागलेला माणूस रांगेत उभा राहतोय. विटला असता तर घरी बसला असता. त्याला निवडायचंय, समोर माल नाही.

सेक्रेटरी: ताई, आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला मात्र कोरम होत नाही, अर्ध्या तासाने तहकूब सभा घ्यावी लागते. कमिटीसाठी अर्ज मागवले तर जुन्यांचेच येतात.

ए-५०३: कारण कमिटी आधीच ठरलेली असते, साहेब 🙂

सेक्रेटरी: हा आरोप लेखी द्या.

बी-१०४: दादा, एक विचारू? मी तुमच्या पक्षाचा सदस्य झालो तर उमेदवार ठरवताना मला मत असेल का?

बी-४०२: सदस्य व्हायला मिस्ड कॉल पुरतो. मत नसतं.

सी-६०२: पक्षांच्या घटना आयोगाच्या साइटवर आहेत. दादा, तुमच्या पक्षाच्या घटनेत उमेदवार कोण ठरवतं?

बी-४०२: संसदीय मंडळ.

सी-६०२: ते कोण नेमतं?

बी-४०२: अध्यक्ष.

बी-१०४: आणि अध्यक्ष कोण निवडतं?

बी-४०२: अधिवेशन. हात वर करून. तुझ्याच वेळापत्रकात असेल बघ, ठरावाच्या आधी.

बी-१०४: होतं. दोन मिनिटं.