डी. बी. कूपरच्या नोटा टीना बारच्या वाळूत आल्या कशा?

अर्धवट_झोप:
मंडळी, तीन रात्री झाल्या, त्या कूपरच्या भानगडीतून डोकं बाहेर निघत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. २४ नोव्हेंबर १९७१, अमेरिकेत पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाणारं विमान, सुटाबुटातला एक माणूस माझ्या बॅगेत बॉम्ब आहे म्हणतो, दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागतो, सिअ‍ॅटलला ते ताब्यात घेऊन प्रवाशांना सोडतो, विमान परत उडवायला लावतो आणि रात्री आठच्या सुमारास शेपटीकडचा जिना उघडून भर पावसात उडी. संपलं, पुढे पत्ताच नाही. (तिकिटावर नाव डॅन कूपर होतं, डी. बी. ही पेपरवाल्यांची चूक, चिकटली ती चिकटलीच.)

जगला का मेला ह्यावर लोक पन्नास वर्षं भांडतायत, मला त्यात पडायचंच नाहीये. माझा प्रश्न नोटांचा. फेब्रुवारी १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या काठी टीना बारला (बार म्हणजे वाळूचा पट्टा हो, तुमच्या मनातला नाही) आठ वर्षांचा एक पोरगा शेकोटीसाठी वाळू सारखी करत होता तर हाताला नोटांची तीन बंडलं लागली. वीस वीसच्या २९० नोटा, ५,८०० डॉलर. कडा कुजून झिजलेल्या, पण नंबर जुळले, कूपरला दिलेल्याच. आणि रबरबँड अजून बंडलांवर होते! हात लावल्यावर भुगा झाला म्हणा, पण तोवर जागेवर होते. माझ्या ड्रॉवरमधला रबरबँड दोन वर्षांत चिकट होऊन तुटतो राव. हे सव्वाआठ वर्षं नदीतून फिरत आले?

नकाशावेडा:
आधी नकाशा उघडा मग बोला. तपासवाल्यांनी सुरुवातीला उडीची जागा धरली ती एरियल गावाच्या आसपास, म्हणजे लुईस नदीचा भाग. आता लुईस कोलंबियाला कुठे मिळते बघा, टीना बारच्या खालच्या अंगाला. म्हणजे तिथे पडलेलं बंडल टीना बारला यायचं तर प्रवाहाच्या उलट चढायला पाहिजे. म्हणून मग काही लोक वॉशुगल नदी धरतात, ती वरच्या अंगाला मिळते, पण मग उडीची जागाच बरीच सरकवावी लागते. माझं मत विचाराल तर नोटा सापडल्या म्हणून विमानाचा रस्ता वाकवायचा हे मला पटत नाही, एक पाटी आहे ना, त्या जिन्याची सूचनापाटी, ती १९७८ मध्ये एका शिकाऱ्याला जंगलात सापडली, बरोबर विमानाच्या रस्त्याखाली.

गाळ_आणि_मी:
गाळउपशाचं कुणीच बोलत नाहीये. १९७४ मध्ये नदीचा तळ उपसला होता आणि ती वाळू ह्याच काठावर टाकली होती. नोटा सापडल्यावर एका भूगर्भशास्त्रज्ञाने खड्डा खणून थर बघितले आणि सांगितलं की नोटा उपशाच्या थराच्या वर आहेत, म्हणजे १९७४ नंतर आल्या. मग तीन वर्षं होत्या कुठे? पण नंतरच्या हौशी संशोधकांच्या टीमने हाच थर नैसर्गिक आहे म्हणून वाद घातला आणि रबरबँडवरून त्यांचं म्हणणं असं की उडीनंतर वर्षभराच्या आतच नोटा वाळूखाली गेल्या असणार. एकदा गाडल्या गेल्या की ऊन नाही, हवा कमी, रबर तग धरतं. तुझा ड्रॉवर उघडझाप होतो, वाळू होत नाही.

सूक्ष्म_नजर:
ह्यात २०२० च्या एका शोधनिबंधाची भर टाकतो, ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ ह्या विज्ञान नियतकालिकात आलाय. नोटांवर डायटम बघितले त्यांनी, म्हणजे पाण्यातले एकपेशीय जीव, काचेसारखं कवच असतं, मेल्यावरही कवच उरतं. कुठली जात कुठल्या मोसमात वाढते हे माहीत असतं. नोटांवर सापडले ते नोव्हेंबरमधले नाहीत, वसंत-उन्हाळ्याकडचे आहेत. म्हणजे उडी मारली त्या रात्री पैसे पाण्यात पडलेच नाहीत, काही महिने कुठेतरी कोरडे राहिले आणि मग भिजले. मला तर अख्ख्या केसमध्ये एवढा एकच पुरावा असा वाटतो की ज्याला साक्षीदाराची आठवण लागत नाही.

शंकासुर:
बरं, महिनोन्‌महिने कोरडे म्हणजे कुणाच्या तरी हातात होते असं लगेच धरू नका हं. झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत अडकलेली पिशवी उन्हाळ्याच्या पुरात सुटू शकते. ती पिशवी पण कसली, कूपरने बॅग मागितली होती, मिळाली बँकेची कापडी थैली, ती त्याने एका पॅराशूटच्या दोऱ्या कापून बांधली. दहा हजार नोटा, दहाएक किलो वजन, हवेत गाठ सुटली तर सगळंच उधळलं असतं, तीन बंडलं एकत्र कशी राहिली ते सांगा. आणि त्याने घेतलेल्या पॅराशूटपैकी एक तर शिकवणीचं, शिवून बंद केलेलं निघालं, म्हणजे हा किती तयारीचा होता देव जाणे. तरी पण ‘मेलाच असणार’ म्हणणाऱ्यांना एक सांगतो, १९७२ मध्ये त्याची नक्कल करून विमानातून उड्या मारणारे जिवंत खाली पोचले होते.

मला खटकतं ते वेगळंच. मेला असेल तर कुठल्या तरी घरी त्या आठवड्यात एक चाळिशीतला माणूस परत आला नाही. थँक्सगिव्हिंगचा (अमेरिकेतला घरच्यांनी एकत्र जेवायचा सण) आदला दिवस होता तो, ताटावर वाट बघायचा दिवस. हरवल्याची तक्रार कुणी करेल ना?

नकाशावेडा:
एकटा असेल. किंवा घरच्यांना माहीत होतं.

अर्धवट_झोप:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शंकासुर, बंडलं एकत्र राहण्याचा मुद्दा मलाही छळतोय, तिसऱ्या बंडलात दहा नोटा कमी होत्या हे वाचल्यापासून तर जास्तच. एफबीआयने २०१६ मध्ये सक्रिय तपास थांबवलाय म्हणजे आता आपल्यासारख्या निशाचरांवरच आहे सगळं. आज कुंडीतल्या ओल्या मातीत कागदाची तीन बंडलं रबरबँड लावून पुरलीत, एक उथळ, एक वीतभर खोल, एक पाण्याच्या डब्यात ठेवलंय.

गाळ_आणि_मी:
डब्यातलं आधी जाईल. पैज?