ओपेथ: जुन्या चाहत्याला नेमकी कशाची उणीव भासते?

कृष्णमेघ: स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडशी माझी ओळख 2001 च्या 'ब्लॅकवॉटर पार्क' या अल्बममुळे झाली. 'द ड्रेपरी फॉल्स' हे गाणे जवळपास अर्धे होईपर्यंत बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट शांतपणे गातो आणि मग डेथ मेटलची ती खर्जातली गुरगुर अंगावर येते, तेव्हा आधीच्या शांततेचाही अर्थ बदलून जातो. 2011 च्या 'हेरिटेज'पासून ही गुरगुर थांबली आणि पुढचे तीन अल्बमही सत्तरच्या दशकातील प्रोग रॉकच्या, म्हणजे गुंतागुंतीच्या, प्रयोगशील रॉकच्या वाटेने गेले. 2024 मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ती परतली, तरी मला जुने ओपेथ सापडले नाही. मग मला उणीव भासत होती ती कशाची?

तारसप्तक: गुरगुरीची नक्कीच नसावी. 2003 च्या 'डॅम्नेशन'मध्ये ती औषधालाही नाही, तरीही तो अल्बम जुन्या चाहत्यांनी डोक्यावर घेतला, कारण त्याच्या काहीच महिने आधी आलेला 'डिलिव्हरन्स' हा त्याचा जडशीळ जुळा भाऊ होता आणि एरवी एका गाण्यात मावणारा शांत आणि जड यांचा विरोध तिथे दोन अल्बमांत विभागला गेला होता. 'हेरिटेज'नंतर त्या जोडीतले एकच अंग उरले. या बदलाचा दोष संगीतकार-निर्माता स्टीव्हन विल्सनला देणाऱ्यांची मला गंमत वाटते. 'ब्लॅकवॉटर पार्क'च्या निर्मितीतही तोच होता.

खर्जवेडा: हा बदल एका रात्रीत झाला, हे मला मान्य नाही. 2008 च्या 'वॉटरशेड'मधील 'बर्डन' पुन्हा ऐकावे. त्यात हॅमंड ऑर्गन या जुन्या रॉकमधल्या इलेक्ट्रिक ऑर्गनचा ऐसपैस एकल तुकडा आहे, आणि शेवटी गिटार वाजत असतानाच तिच्या खुंट्या सैल केल्या जातात, त्यामुळे सूर हळूहळू बिघडत जातो. इशारा तिथेच मिळाला होता. आपण मेटलच्या नादात तो कानाआड केला. दोन भाषांत निघालेला 2019 चा 'इन काउडा वेनेनम' मात्र स्वीडिश आवृत्तीतच ऐकावा, इंग्रजीत तो निम्माच पोहोचतो.

कृष्णमेघ: विरोधाचा मुद्दा पटला, पण तो नव्या अल्बमलाही लागू होतो. तिथे मृत्युपत्राच्या वाचनाची कथा आहे, शेवटचे सोडून गाण्यांना नावांऐवजी परिच्छेदांचे क्रमांक आहेत, 'जेथ्रो टल' या रॉक बँडच्या इयन अँडरसनचे निवेदन आणि बासरी आहे, आणि या गर्दीत गुरगुर हे केवळ आणखी एक पात्र ठरते. गाणी साधारण पाच ते साडेसात मिनिटांची आहेत. पूर्वी दहा मिनिटांच्या गाण्यात वाट पाहायला लावणारा जो अवकाश असे, तो इथे नाही, आणि मला त्याचीच उणीव भासत असावी.

तारसप्तक: शक्य आहे. मात्र त्या अल्बमचे शेवटचे, नाव असलेले एकमेव गाणे आधीच्या सातही परिच्छेदांनंतर ओळीने ऐकून पाहा. त्यात गुरगुर नाही. तुम्ही म्हणता ते वाट पाहणे कदाचित पूर्ण अल्बमभर पसरलेले असेल.