स्वस्त ब्रँडची नवी गाडी दहा वर्षे वापरावी का? – एका ठाम विधानाला उत्तर

तिसरा_गिअर

"स्वस्त ब्रँडची नवी गाडी म्हणजे पाच वर्षांत भंगार, तेवढ्याच पैशांत नामांकित ब्रँडची वापरलेली गाडी घ्या आणि निश्चिंत व्हा" असे एक टिपण काल वाचनात आले, आणि त्यावर गप्प बसणे मला जमले नाही. इतका ठाम निकाल देणाऱ्याने त्या गाडीचे बॉनेट उघडून पाहिल्याची एकही खूण त्या टिपणात नाही.

गाडी दोन मार्गांनी स्वस्त करता येते. एक मार्ग म्हणजे काही गोष्टी मुळातच न देणे आणि दुसरा म्हणजे दिलेल्या गोष्टी पातळ करणे. पहिल्या मार्गाने स्वस्त झालेली गाडी दीर्घकाळ वापरायला महागड्या गाडीहून बरी, आणि दुसऱ्या मार्गाने झालेली फुकट मिळाली तरी नको. रेनोने १९९९ मध्ये डाचिया ही रोमानियन कंपनी ताब्यात घेतली आणि २००४ मध्ये लोगन ही स्वस्त गाडी बाजारात आणली. तिचे डावे-उजवे आरसे एकसारखे होते, पुढची काच कमी वक्र होती, डॅशबोर्ड एकाच तुकड्यात ओतलेला होता. इंजिने मात्र रेनोच्या इतर गाड्यांत आधीच मुरलेली होती. काटकसर डोळ्यांना दिसेल तिथे केली, झीज होते तिथे केली नाही.

टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले, पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, फवारणारे साधे इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स एवढ्यात बिघडायला असते किती? थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या आधुनिक इंजिनांत हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कार्बन साचतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात हा आजार जवळजवळ नाहीच. "मागासलेले तंत्रज्ञान" म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, तेच दहाव्या वर्षी मालकाला वाचवते.

हिशेबनीस

आपला सिद्धांत ऐकायला सुबक आहे. फक्त शोरूममध्ये उभ्या असलेल्या ग्राहकाला "न दिलेले" दिसते आणि "पातळ केलेले" दिसत नाही, एवढीच त्यात उणीव आहे. निस्सानने पुन्हा जिवंत केलेल्या डॅटसनचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या अपघात-चाचण्या करणाऱ्या संस्थेने डॅटसन गो ही गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिली. तिला शून्य तारे मिळाले. तिच्यात एअरबॅग नव्हत्या, म्हणजे त्या "न दिलेल्या" होत्या. पण परीक्षकांनी पुढे असेही नोंदवले की बॉडीचा सांगाडाच कोलमडत असल्यामुळे एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता. हा सांगाडा कोणत्या ग्राहकाने बॉनेट उघडून तपासायचा होता? आणि २०२२ मध्ये तो ब्रँडच गुंडाळला गेला. दहा वर्षांचा बेत आखणाऱ्याला ब्रँड स्वतः दहा वर्षे टिकेल याची खात्री कोण देणार?

दुसरा मुद्दा पैशांचा. "मी गाडी विकणारच नाही, मला रीसेलशी काय करायचे" असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारतो: चौथ्या वर्षी अपघातात गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, तर सर्वसाधारण पॉलिसीत विमा कंपनी पैसे कोणत्या भावाने देते? त्या वर्षीच्या घसरलेल्या भावाने. गाडी विकायची नसली तरी घसारा आपल्याला सोडत नाही.

पाना_पक्कड

दोघेही इंजिन आणि सांगाडा यांतच अडकले आहेत. माझ्याकडे अशाच एका ब्रँडची गाडी होती. नाव घेत नाही. इंजिनाने कधीच त्रास दिला नाही. मागून एकाने धडक दिली आणि टेल लॅम्प फुटला, तो कंपनीकडून यायला इतका काळ लागला की शेवटी मी दुसऱ्या एका अपघातग्रस्त गाडीचा काढून बसवला. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे भाग मूळ कंपनीच्या इतर मॉडेलांशी सामायिक असतात, म्हणून ब्रँड गेला तरी ते मिळत राहतात. दिवे, बंपर, दरवाजे आणि काचा मात्र त्या एकाच मॉडेलच्या असतात. गाडी यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असूनही रस्त्यावरून उतरते ती यांच्यामुळे.

आणि खरा खर्च कुठे होतो, ते कोणी बोलतच नाही. वॉरंटीच्या धाकाने आपण अधिकृत सर्व्हिस सेंटरला जातो आणि तिथे दर वेळी इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, इंधनात घालायचे ॲडिटिव्ह असे सगळे कंपनीच्या वेळापत्रकात नसलेले प्रकार बिलात घुसवले जातात. गाडी स्वस्त देऊन पैसे असे वसूल करतात.

लाल_जॉबकार्ड

मी सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून काम केलेले आहे, म्हणून हे वाचून राग आला. नको असलेले काम जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्यापूर्वी खोडायला ग्राहकाचा हात कोणी धरलेला नसतो. उलट बाहेरच्या गॅरेजमध्ये चुकीच्या ग्रेडचे ऑइल भरून आणलेल्या गाड्या आम्ही उघडल्या आहेत. आत काळा गाळ बसलेला असतो आणि ग्राहक वॉरंटीसाठी भांडत असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते, हे सांगितले तरी "लुटतात" असाच आरोप होतो.

पाना_पक्कड

ब्रेक ऑइलवर माझा आक्षेप नव्हताच. वेळापत्रकात असलेल्या कामाची ढाल करून वेळापत्रकात नसलेले काम झाकू नका. आणि "बाहेर सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी जाईल" ही धमकी आपल्याच लोकांकडून मिळते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, हे कंपनीने दाखवावे लागते.

लाल_जॉबकार्ड

कायदा सांगितलात, बरे झाले. मग बाहेरच्या कामाची बिले, ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटरची नोंद ठेवा, कारण भांडण झाले की कागदच बोलतो. आजवर ज्यांनी माझ्यासमोर आवाज चढवला, त्यांच्यातील बहुतेकांकडे एकही बिल नव्हते. आपल्याकडे असेल, अशी मी सदिच्छा बाळगतो.

हिशेबनीस

वॉरंटीवरून एक सांगतो. ह्युंदाई अमेरिकेत चेष्टेचा विषय होती, तेव्हा तिने १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली आणि लोकांचे मत हळूहळू पालटले. पण ती पूर्ण दहा वर्षे फक्त पहिल्या मालकासाठी होती. म्हणून वॉरंटीच्या वर्षांचा आकडा नंतर वाचावा, आधी ती कोणाला आणि कशावर लागू आहे ते वाचावे.

तिसरा_गिअर

हे वाक्य आपण माझ्याच बाजूने लिहिले आहे, हे आपल्या लक्षात आले नसावे. नवी स्वस्त गाडी घेणारा पहिला मालक असतो. नामांकित ब्रँडची वापरलेली गाडी घेणाऱ्याला उरलेसुरले मिळते. त्या वापरलेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा रबरी पट्टा) कधी बदलला, हे विकणाऱ्याला तरी ठाऊक असते का? गाडी नुसती उभी राहिली तरी त्या रबराचे वय वाढते, आणि बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच उघडावे लागते. राहता राहिला ब्रँड बंद पडण्याचा मुद्दा, तर साब ही स्वीडिश कार कंपनी २०११ मध्ये दिवाळखोर झाली आणि तिच्या गाड्या काही स्वस्तातल्या म्हणून ओळखल्या जात नव्हत्या.

सांगाड्याबाबत मात्र हिशेबनीस यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. ज्या गाडीचा स्वतंत्र अपघात-चाचणीचा निकाल उपलब्ध नाही, ती कितीही साधी आणि टिकाऊ असली तरी घेऊ नये, एवढी भर माझ्या म्हणण्यात घालतो.

नवा_परवाना

मी प्रत्यक्ष हा निर्णय घेण्याच्या बेतात आहे. मॉडेल नुकतेच आले आहे आणि टर्बोचा पर्यायही देतात.

पाना_पक्कड

टर्बो नको, त्याच्या बेअरिंगला वेळेवर बदललेले, योग्य ग्रेडचे ऑइल लागते, आणि स्वस्त गाडीचा मालक पहिली काटकसर ऑइलवरच करतो. पहिल्या वर्षी निघालेली मॉडेलही टाळा, त्यांतले दोष दुसऱ्यांच्या खर्चाने बाहेर येऊ द्या. आणि पैसे भरण्यापूर्वी पार्ट्स काउंटरवर जाऊन टेल लॅम्प आणि पुढचा बंपर किती दिवसांत मिळेल, ते विचारा.

लाल_जॉबकार्ड

पार्ट्स काउंटरचा सल्ला योग्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. फक्त "आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. पार्ट नंबर काढायला लावा आणि तो जवळच्या गोदामात आहे की मागवावा लागेल, ते स्क्रीनवर पाहा.

हिशेबनीस

चाचणीचा निकाल पाहायचा, साधे इंजिन निवडायचे, पहिले वर्ष जाऊ द्यायचे, गोदामाची स्क्रीन वाचायची आणि वॉरंटीची बारीक अक्षरेही वाचायची. एवढे सगळे करणार असाल, तर माझी त्या स्वस्त गाडीला हरकत नाही. ज्याला एवढे करायचे नाही, त्याच्यासाठी ते मूळ टिपण अजूनही बरोबर आहे.

तिसरा_गिअर

ज्याला एवढे करायचे नाही, त्याने वापरलेली गाडी तर मुळीच घेऊ नये. तिच्यासाठी याच्या दुप्पट तपासावे लागते.