करार पडला, जल्लोष दोन्हीकडे

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाबतीत 'खासदारांनी जनतेचा कौल लाथाडला' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. १५ जानेवारी २०१९ ची रात्र आठवा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला आणि बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये युरोपचे निळे झेंडे घेतलेले काय, युनियन जॅकवाले काय, दोघांनीही जल्लोष केला! एकांना वाटलं आता ब्रेक्झिटच टळेल, दुसऱ्यांना वाटलं हा मिळमिळीत करार तरी गेला. मग कौल नेमका कोणता पाळायचा? २०१६ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर राहायचं की बाहेर पडायचं एवढंच विचारलं होतं. कसं पडायचं, हे नाही. २७ मार्चला सभागृहात आठ पर्यायांवर मतदान झालं, एकालाही बहुमत नाही. या सगळ्यात तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या युरोपीय कुटुंबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता.