चर्चा: दोन लेकरांसाठी डबल बाबागाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

धरमपेठकर

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि दुसरे बाळ ऑक्टोबरमध्ये अपेक्षित आहे. बराच शोध घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की नागपुरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाने एकामागे एक आसने असलेली टँडेम बाबागाडीच घ्यावी, आणि त्यातही आधी एका आसनाची असून नंतर दुसरे आसन जोडता येईल अशी. शेजारी-शेजारी आसनांच्या बहुतेक गाड्या ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतात, आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टचे दार मोजून ७० सेंटिमीटर आहे. टँडेमची रुंदी साध्या बाबागाडीइतकीच राहते, त्यामुळे लिफ्ट, दवाखान्याचे दार आणि दुकानातील दोन रॅकमधली वाट यांपैकी कोठेही अडत नाही. शिवाय मोठी मुलगी चालू लागली की दुसरे आसन काढून ठेवता येते. आपला विरोध असल्यास कारणांसह सांगावा.

मनीषनगरची जुळ्यांची आई

विरोध आहे. आपण फक्त दार मोजले आहे. गाडी दाराबाहेर पडल्यावर काय होते, हा विचार त्यात आलेला नाही. फुटपाथच्या कडेवर गाडी चढवताना आपण हँडल खाली दाबून पुढची चाके उचलतो. टँडेममध्ये एका मुलाचे पूर्ण वजन पुढच्या चाकांवर असते आणि गाडीही लांब असते, त्यामुळे हे उचलणे मनगटांना जड जाते. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून रस्त्याची पातळी आणि कडेच्या पट्ट्याची पातळी यांत जागोजागी फरक आहे. एक चौक ओलांडताना हे काम अनेकदा करावे लागते. शेजारी-शेजारी गाडीत वजन मागच्या चाकांकडे राहते आणि ती एका हातानेही वळते.

दुसरे असे की टँडेमच्या मागच्या, खालच्या आसनातील मुलाला समोर फक्त पुढच्या आसनाची पाठ दिसते आणि पाय पसरायला जागा नसते. सव्वादोन वर्षांच्या मुलीला तेथे बसवून पाहा. ती दहा मिनिटांत उतरण्याचा हट्ट धरील. तिला पुढे बसवले तर नवे बाळ मागे, आपल्या नजरेआड जाते.

रुंदीबाबत आपले म्हणणे मान्य आहे, पण लिफ्टची खोलीसुद्धा मोजावी. सव्वा मीटर लांबीची टँडेम दारातून आत गेली तरी लिफ्टचे दार तिच्या मागे बंद झाले पाहिजे.

महालची सून

दोघांचाही वाद ऐकला. माझ्या मते दोन्ही गाड्या नकोत. एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी मोठ्या मुलीसाठी आणि बाळासाठी छातीशी बांधायचे कॅरियर, एवढ्यावर सारे भागते. अशी मिटणारी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅकलॅरेन या विमान अभियंत्याने तयार केली, ती हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची. वजन कमी ठेवणे हाच तिचा सारा उद्देश होता. डबल गाडी रिकामीच दहा ते पंधरा किलोंची भरते. ऑटोत ती कोठे ठेवणार? महाल-इतवारीच्या गल्लीत, एका बाजूला उभ्या दुचाकी आणि दुसऱ्या बाजूला उघडी नाली असताना, ती कोणी ढकलून दाखवावी.

वापराच्या काळाचाही हिशेब करावा. बाळ ऑक्टोबरचे आहे, म्हणजे गाडी बाहेर काढण्याजोगे दिवस हिवाळ्याचे. मार्चनंतर संध्याकाळी सातच्या आधी तान्ह्या बाळाला बाहेर कोण नेणार? ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता तेथे हे वेगळे सांगायला नको. पुढे पावसाळा. त्यानंतरचा हिवाळा येईपर्यंत आपली मुलगी साडेतीन वर्षांची होऊन स्वतः पळू लागलेली असेल. म्हणजे एवढा खर्च एका हिवाळ्यासाठी.

धरमपेठकर

महालच्या ताईंचा हिशेब मला विचारात टाकणारा वाटला, पण त्यातून दोन गोष्टी सुटल्या आहेत. पहिली, प्रसूती सिझेरियनने झाली तर पहिले काही आठवडे डॉक्टर जड काही उचलू देत नाहीत. पोटावर ताण येईल असे कॅरियर बांधून वर मोठ्या मुलीलाही सांभाळणे बाळंतिणीला शक्य नाही. दुसरी, बाळाची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असते. या साऱ्या तारखा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत येतात आणि घरी दुसरे कोणी नसल्यास मोठीला बरोबर न्यावेच लागते. फिरायला जाणेही मी केवळ चैन मानत नाही. मेट्रोचे दोन्ही मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाल्यापासून स्थानकावर लिफ्टने वर जाऊन सीताबर्डीला गाडी बदलता येते. कडेवर एक आणि हाताशी एक असे दोन जीव घेऊन हा प्रवास करण्यापेक्षा दोघांना पट्टे लावून बसवलेले बरे.

त्रिमूर्तीनगरचे आजोबा

आपण सर्वांनी एक मधला मार्ग सोडला आहे. एका आसनाच्या मजबूत बाबागाडीच्या मागे जोडायची चाकांची फळी मिळते. मोठे मूल तिच्यावर उभे राहते, कंटाळले की उतरून चालते. आमची नात अशीच अंबाझरीच्या बाजूला फिरते आणि तिला ती जागा आसनापेक्षा अधिक मानाची वाटते. फळी सहसा सुमारे २० किलोपर्यंतचे वजन पेलते.

मनीषनगरची जुळ्यांची आई

काका, फळीवर उभे राहिलेले मूल झोपले तर काय करायचे? दुपारी दोन वाजता अडीच वर्षांचे मूल झोपणारच. शिवाय ढकलणाऱ्याचा पाय पावलागणिक त्या फळीवर आपटतो, म्हणून हँडल उंच करता येणारी गाडीच लागते. मूल तीन वर्षांचे झाल्यावर ही सोय उत्तम आहे, त्याआधी नाही.

आणि महालच्या ताईंना एक विचारते. आपण उन्हाचा मुद्दा गाडीविरुद्ध मांडला, पण उन्हाळ्यात कॅरियरमध्ये आईच्या अंगाची ऊब आणि बाळाची ऊब एकत्र होते. बाळाच्या नाका-तोंडावर कापड येता कामा नये, हनुवटी छातीला टेकता कामा नये, हे सारखे पाहावे लागते. नागपूरच्या एप्रिलमध्ये ते गाडीपेक्षा सोपे कसे?

महालची सून

सोपे नाही, हे मान्य. पण मग गाडीवर ओढणी टाकून नेणाऱ्यांनाही हेच सांगा. सावली होते असे वाटून लोक पूर्ण गाडी झाकतात, त्यामुळे आत हवा खेळत नाही आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. जाळीच्या खिडकीचे लांब छत दोन्ही आसनांना स्वतंत्र हवे; बऱ्याच टँडेममध्ये खालच्या आसनाचे छत केवळ नावापुरते असते. एप्रिलमध्ये मी बाळाला कॅरियरमध्येही नेणार नाही आणि गाडीतही नाही, घरीच ठेवीन. माझे मत तेवढ्याने बदलत नाही.

धरमपेठकर

छताचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. पाठीचा होता: आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, बाळाला पूर्ण आडवे होणारे आसन लागते, आणि टँडेम प्रकारच्या अनेक गाड्यांत दोनपैकी एकच आसन तसे होते. त्यामुळे बाळ कोठे आणि मुलगी कोठे, हे गाडीच ठरवते. शेजारी-शेजारी गाडीत दोन्ही पाठी स्वतंत्र आडव्या होतात, हे मान्य केले पाहिजे. पण तीत एका बाजूला बारा किलो आणि दुसऱ्या बाजूला चार किलो बसले तर गाडी जड बाजूकडे ओढत नाही का? आपली मुले जुळी असल्याने आपल्याला हा अनुभव आला नसावा.

मनीषनगरची जुळ्यांची आई

ओढते, विशेषतः चाके लहान आणि प्लॅस्टिकची असतील तर. पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात तीसुद्धा तीच. मोठी, फोमने भरलेली चाके घ्यावीत. हवेची चाके गुळगुळीत चालतात, पण मोकळ्या मैदानाच्या कडेला बाभळीचा एक काटा पुरतो. आणि भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवू नयेत, मूल उतरताच गाडी मागे उलटते. दुकानात गाडी रिकामी ढकलून निर्णय घेऊ नका.

धरमपेठकर

रविवारी दहा किलो तांदळाची पिशवी आणि पाच किलो कणीक घेऊन दुकानात जात आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या दारातल्या पायरीवर चढवून पाहीन. सत्तर सेंटिमीटरच्या आत बसणारी शेजारी-शेजारी गाडी मिळाली, तर टँडेमचा आग्रह सोडीन. नाही मिळाली, तर लिफ्टची खोली मोजूनच पुढचे बोलेन.